पूर्णा गावचे गिर्यारोहक

मे महिन्यात भिवंडीतली माणसं अंगावरचे कपडे कमी करत जातात. जनूदादा भोईर वाढवत जातात. अक्षय्य तृतीया झाली की ते कपाटातून पिसं भरलेलं केशरी जाकीट काढतात, गळ्यापर्यंत चेन ओढतात आणि भर दुपारी गोदामांच्या रस्त्याने फिरायला निघतात. पायात बर्फावर चालायचे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात बर्फ फोडायची कुऱ्हाड. त्यांना बघून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे विसरतात. आमच्या रस्त्यावर ट्रकवाला हॉर्न विसरला, हीच मुळात बातमी आहे.

"दादा, काश्मीरात थंडी असते," मी पहिल्या वर्षी म्हणालो होतो. "इथे उकडून घेऊन थंडीची सवय कशी होणार?"

"थंडीची न्हाय, जाकिटाची सवय," ते म्हणाले. "थंडीचा तिथं गेल्यावर बगू."

मी त्यांना ओआरएसची पुडी पाण्यात कालवून दिली.

माझं पूर्णा गावात मेडिकल आहे. दिघाशीहून मी रोज स्कूटरने येतो, सकाळी शटर उघडतो आणि दिवसभर समोरची गोदामं बघतो. मी डी. फार्म झालेला माणूस आहे, डॉक्टर नाही. हे मी जनूदादांना अनेकदा सांगितलं. "बरा, डॉक्टर," असं म्हणून ते मान डोलावतात. माझ्या दुकानाबाहेरच्या बाकड्याला ते बेस कॅम्प म्हणतात. घरून फोन आला की सांगतात, "बेस कॅम्पवर हाय, येतो." सुरुवातीला मला त्यात मान वाटला. नंतर लक्षात आलं की बेस कॅम्पवर ते दोन-दोन तास असतात आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक फिरकत नाही.

कारण जनूदादा दिसले की लोक फोन कानाला लावतात. गावात आता हा रिवाज झाला आहे. फोन लावला नाही तर डोंगर ऐकावा लागतो. त्या डोंगराला नकाशात नाव नाही. जनूदादा त्याला 'आपला डोंगर' म्हणतात. तो काश्मीरात, एका गावाच्या मागे, भिंतीसारखा उभा आहे. त्याची डावी सोंड, उजवी सोंड, मधली घळ, घळीतला बर्फ, बर्फाखालचं पाणी, हे सगळं मला माझ्या घराच्या जिन्यापेक्षा जास्त पाठ आहे. एकदा एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या तावडीतून सुटायला फोन समजून टीव्हीचा रिमोट कानाला लावला होता. जनूदादांनी तिचं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. ते अतिशय सभ्य गृहस्थ आहेत.

हे खूळ त्यांना लागलं ते जमीन दिल्यानंतर. भोईरांची जमीन म्हणजे पूर्ण्यातली जुनी भातशेती. आता तिथे निळ्या पत्र्यांची गोदामं आहेत, भाडं येतं, आणि ते सगळं धाकटा मुलगा नीलेश बघतो. पोरगा चांगला आहे. सगळ्यांना नमस्कार करतो, गाडीची काच खाली करून करतो. जमीन दिली तेव्हा जनूदादा साठीच्या जवळ आले होते आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना काही काम नव्हतं. नीलेशने त्यांना आणि वहिनींना काश्मीरच्या सहलीला पाठवलं. वहिनी शाल घेऊन आल्या. जनूदादा डोंगर घेऊन आले.

सहलीत त्यांची गाठ बशीर नावाच्या घोडेवाल्याशी पडली होती. बशीरच्याच गावामागे तो डोंगर. "तो माना," म्हणजे मला, "वर नेनार हाय," असं जनूदादांनी आल्या आल्या जाहीर केलं. "पन हवा बगून."

'हवा बगून' हा त्यांचा सगळ्या गोष्टींवरचा शेरा आहे. पुतणीच्या साखरपुड्यात तारीख काढायला बसले, तर हे म्हणाले, "हवा बगून ठरवा." नवरदेवाच्या मामाला वाटलं की मुलीकडचे मागे सरतायत. तासभर दोन्हीकडचे लोक एकमेकांना चहा पाजत राहिले.

तर हवा बघून ते दर वर्षी मेच्या शेवटी निघतात आणि जुलैत परत येतात, आणि आजवर एकदाही वर पोचलेले नाहीत. आता तो मुलूख कसा आहे हे आपण सगळे बातम्यांत बघतो. एका वर्षी हे पोचले त्याच दिवशी बंद लागला. एका वर्षी संचारबंदी. एका वर्षी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला काही गडबड झाली म्हणून फौजेने वाट बंद केली. एका वर्षी इंटरनेट गेलं, फोन गेले, आणि वहिनी आठवडाभर देवीला गाऱ्हाणं घालत बसल्या. इंटरनेट नसल्यामुळे डोंगर का चढता येत नाही, हे मी विचारलं नाही. जनूदादांकडे उत्तर असणार आणि ते लांब असणार, एवढी मला खात्री होती.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं होतं.

"बशीरच्या आईला वाटते," ते म्हणाले. "माज्यासाठी. मी भिवंडीचा आयकून ती बोलली, वहाँ तो बहुत गड़बड़ होती है ना, तुम कैसे रहते हो बेटा? निघताना ताईत बांधला माज्या दंडाला."

ताईत अजून आहे. केशरी जाकिटाच्या आत असतो.

त्यांच्या मोहिमेतला सर्वांत गंभीर प्रसंग मात्र डोंगरावर घडला नाही, नाक्यावर घडला. वहिनी त्यांच्या पाठपिशवीत दर वर्षी सुके बोंबील आणि सुकट भरून देतात. भोईर मंडळी खाडीकाठची, सुक्या म्हावऱ्याशिवाय प्रवास म्हणजे त्यांना उपास. एका तपासणी नाक्यावर फौजेच्या कुत्र्याने सगळ्या पिशव्या हुंगल्या आणि जनूदादांच्या पिशवीसमोर येऊन तो खाली बसला. तो कुत्रा बसला म्हणजे आत काहीतरी आहे, अशी तिथली पद्धत. मग काय विचारता! गाडी रिकामी केली, लोकांना लांब नेलं, शिट्ट्या वाजल्या. जनूदादांना हात वर करून उभं केलं. एका जवानाने चिलखत घालून एकेक पुडी काठीने बाहेर काढली.

"ये क्या है?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बोंबील, साहेब."

"किस काम आता है?"

"कालवन करनेका."

त्या तुकडीत एक जवान रत्नागिरीकडचा होता. त्याने पुडी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि साहेबाला सॅल्यूट ठोकून सांगितलं की सर, माल संशयास्पद आहे, जप्त करावा लागेल. अर्धी सुकट जप्त झाली. जनूदादा ही हकिगत सांगताना कुणाला हसू देत नाहीत. त्यांच्या मते कुत्र्याचं काही चुकलं नव्हतं.

गेल्या वर्षी आल्यावर त्यांना जिना चढता येईना. दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले. खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की डोंगर वगैरे आता विसरा. नीलेशने त्यांना समजावलं. वहिनींनी बोलणं टाकलं. "एकदा," जनूदादा सगळ्यांना सांगत होते, "एकदाच माना वर पोचू दे, मग जाकीट मीच जालून टाकतो." ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. ज्यांनी फोन कानाला लावलेला असायचा, तेही क्षणभर खाली घ्यायचे. पुढच्या जूनला जनूदादांना जाऊ द्यायचं की नाही, हा भोईरांच्या घरात दिवाळीपासून वादाचा विषय झाला.

मला मात्र दुसरीच एक गोष्ट खटकत होती. माणूस बर्फातून येतो तेव्हा त्याचे ओठ फुटतात, नाक सोलपटतं. जनूदादा दर वर्षी येऊन माझ्याकडे मागायचे चिखल्यांचं मलम. पायांच्या बोटांच्या बेचक्या कुजलेल्या, पांढऱ्या पडलेल्या. चिखल्या मला ओळखता येतात. माझे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, रात्री त्यांचे पाय कोमट पाण्याने धुवायचं काम माझ्याकडे असायचं. मला चिखलाचं अजिबात कौतुक नाही. त्यातून बाहेर पडायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या.

"बर्फात चिखल्या कशा होतात, दादा?"

"बर्फ वितलतो," ते म्हणाले आणि लगेच घळीविषयी बोलू लागले. मीच फोन कानाला लावला.

डिसेंबरात बशीर आला. थंडीत त्याच्याकडे घोड्याचं काम नसतं, म्हणून तो शालींचं गाठोडं घेऊन खाली उतरतो आणि गेली काही वर्षं जनूदादांच्याच ओटीवर मुक्कामाला असतो. सडपातळ, मान खाली घालून बोलणारा माणूस. या खेपेला तिकडे वर काहीतरी वाईट घडलं होतं आणि इकडे लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले होते. तेव्हा जनूदादांनी गाठोडं स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि त्याच्याबरोबर दारोदार हिंडायला सुरुवात केली. दुखऱ्या गुडघ्यांनी. "सराव चाललाय," असं सांगायचे.

एकदा माझ्या दुकानासमोरच चार-पाच जणांनी बशीरला अडवलं. नाव काय, गाव कुठलं, आधार कार्ड दाखव. आवाज चढायला लागले. मी काउंटरच्या मागून बाहेर यायला निघालो, तेवढ्यात जनूदादांनी गाठोडं खाली ठेवलं आणि त्या पोरांच्या म्होरक्याच्या खांद्यावर हात टाकला.

"गाव इचारतोस ना? बस. याच्या गावाच्या मागं आपला डोंगर हाय. त्याची डावी सोंड..."

उजव्या सोंडेपर्यंत दोघे गेले. घळीपाशी आणखी दोघे गेले. म्होरक्या तेवढा अडकला, कारण खांद्यावरचा हात निघत नव्हता. बर्फाखालच्या पाण्याशी त्याने हात जोडले. त्यानंतर गावात बशीरला कुणी अडवलं नाही. जनूदादांनी गाठोडं उचललं आणि पुढच्या दारात जाऊन उभे राहिले.

मला त्या दिवशी प्रथमच वाटलं की हा माणूस आपण समजतो तेवढा भाबडा नसावा.

दोन दिवसांनी बशीर एकटाच दुकानात आला. आईसाठी खोकल्याचं औषध हवं होतं. मी सहज म्हणालो, "इस साल दादा को ऊपर तक पहुँचा दो भाई. घुटने गए हैं. आख़री मौक़ा है."

बशीरने पैसे मोजता मोजता मान वर केली.

"ऊपर कहाँ, साहब? दादा तो पहाड़ पर जाते ही नहीं. दादा तो खेत में होते हैं."

"खेत में?"

"धान लगाते हैं. सुबह से शाम तक, पानी में. मेरी बीवी कहती है, ऐसी सीधी क़तार हमारे यहाँ कोई नहीं लगाता." मग त्याने आवाज खाली आणला. "आपको नहीं बताया? फिर आप भी मत बताना."

काश्मीरात भात पिकतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांची आवणी जूनमध्ये, आपल्या आधी उरकते. मासेही ते लोक वाळवून ठेवतात आणि बशीरच्या आईला सुकट फार आवडते, असं त्याने सांगितलं. एक वर्ष जनूदादा एप्रिलातच गेले होते, तेव्हाची गोष्टही सांगितली. बशीर रोपांसाठी बी पेरायच्या तयारीत होता. जनूदादा म्हणाले, तुमची पद्धत चुकीची, आधी राब भाजायचा. आपल्या ठाणे जिल्ह्यात बी पेरण्याआधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. माझ्या वडिलांनी असे कितीतरी भाजले. पण काश्मीरात कुणी राब भाजत नाही, आणि पहाटे शेतातून एवढा धूर उठला तर तिथे तो कुणी शेतीचा समजत नाही.

"फ़ौज की दो गाड़ियाँ आ गईं, साहब. पूरा गाँव घर के अंदर. अफ़सर ने पूछा, आग किसने लगाई? दादा बोले, हमने. और उसको खेत के किनारे खड़ा करके समझाने लगे. पत्ता कितना, गोबर कितना, मिट्टी कितनी. आधा घंटा. आख़िर में अफ़सर ने फोन कान से लगा लिया." बशीर पहिल्यांदाच हसला. "उस दिन नेटवर्क बंद था, साहब. फिर भी लगा लिया."

औषधाची बाटली त्याने खिशात घातली आणि तो गेला. मी बराच वेळ समोरच्या निळ्या पत्र्यांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी जनूदादा बेस कॅम्पवर येऊन बसले. आज मी फोन काढला नाही. बाहेर जाऊन शेजारी बसलो. त्यांनी आनंदाने डाव्या सोंडेपासून सुरुवात केली. घळीपर्यंत येऊ दिलं आणि मग विचारलं, "आणि दादा, बशीरच्या शेतात पाणी किती असतं?"

ते थांबले. काळा चष्मा काढला. तो पुसायला जाकिटाची कड चाचपली, पण जाकीट डिसेंबरात घातलेलं नव्हतं. मग चष्मा तसाच मांडीवर ठेवला.

"बशीर बोलला?"

"चुकून बोलला."

"घोट्याभर ठेवतो तो पानी. कमी हाय. मी सांगतो त्याला." मग त्यांनी गुडघे चोळले. "पयल्या साली खरंच चढायला निघालो व्हतो, डॉक्टर. बांधावरनं जाताना बगितला, त्याची बायको एकटी लावत व्हती. सगली रोपां तिरकी. माना बगवंना. उतरलो."

"मग पुढल्या वर्षी तरी चढायचं."

"आवनी टाकून डोंगर कोन चढतो?" त्यांनी मलाच विचारलं.

मला चिखलाचं कौतुक नाही, हे मी वर सांगितलंच आहे. तरी मी म्हणालो, "एवढंच आहे तर आमच्या दिघाशीला तुकडा घ्या. काश्मीर कशाला?"

"दिघाशीला घेतला तर नीलेशला कलेल." त्यांनी समोरच्या गोदामांकडे बोट केलं. "तो तिसरा गाला हाय ना, तिथं आमची आवनी पयली सुरू व्हायची. जमीन माज्या सहीनं दिली. पोरानं जबरदस्ती न्हाय केली. माना पन तेवा बरा वाटला, चिखलातनं सुटलो. मग जुलै आला. सकालपासून ओटीवर बसून व्हतो, पन माना कोनी हाक मारली न्हाय. जलमात पयल्यांदा आवनीला कोनी हाक मारली न्हाय."

"नीलेशला सांगा ना हे. तो काय रागावणार आहे?"

"रागावला असता तर सांगितला असता," जनूदादा म्हणाले. "तो रागावनार न्हाय. रडंल. बापाचा शेत गेला म्हनून जलमभर सोताला खात बसंल. त्यापरीस डोंगर बरा. गाव हसतो, पोर पन हसतो. हसला की माना बरा वाटतो." मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "लोक माना बगून फोन लावतात, ते काय माना दिसत न्हाय? लावू दे. कोनी आयकत न्हाय म्हनून तर कोनी इचारत न्हाय."

मी त्यांना उठायला हात दिला. गुडघे कडकन वाजले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि बशीरचा, आणि त्या निळ्या पत्र्यांचाही. आणि माझे वडील आठवले, जे आवणीला हाक आली की पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे.

मेच्या तोंडावर नीलेश दुकानात आला. गाडी लावून, खाली उतरून आला. म्हणाला, "काका, गुडघ्याला बांधायचे ते पट्टे द्या. चांगल्यातले. बाबांसाठी."

"म्हणजे जाणार आहेत?"

"आई नको बोलते. डॉक्टर नको बोलतात. मीच आईला सांगितलं, जाऊ दे." त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "काका, तुम्हाला म्हणून सांगतो. जमीन दिली ना, तेव्हा मी लय घाबरलो होतो. वाटलं, बाबा खचतील. रात्री उठून त्यांच्या खोलीत बघून यायचो. मग ते डोंगराचं सुरू झालं. लोक हसतात, मी पण हसतो, पण खरं सांगू? त्यांना जमिनीची आठवण पण येत नाही आता. डोंगरात रमलेत. तेवढं एक माझ्या मनाला बरं वाटतं."

तो माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलावं, अशी त्याची अपेक्षा होती.

"हो," मी म्हणालो. "रमलेत."

पट्टे मी मोठ्या मापाचे दिले. आणि ते पाण्यात भिजले तर चालतील ना, हे पाकिटावर पुन्हा एकदा वाचून घेतलं.